डीएनएची दुरुस्ती इतक्या उशिरा का दिसली?

डीएनएचा इतिहास सांगताना १९५३ साल मधोमध उभं असतं. मला मात्र त्यातला दुसराच धागा जास्त ओढून घेतो. आनुवंशिकतेचा मजकूर साठवणारा हा रेणू आपल्या पेशीत रोज मोडतो आणि रोज सांधला जातो. हे समजायला त्याचा शोध लागल्यापासून जवळपास शंभर वर्षं गेली.

शोध लागला १८६९ साली. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या किल्ल्यात, जुन्या मुदपाकखान्यात प्रयोगशाळा थाटलेली होती. तिथे फ्रीडरिश मीशर हा स्विस तरुण रुग्णालयातून आणलेल्या पुवाने भरलेल्या पट्ट्या धुऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायचा. त्यांच्या केंद्रकातून त्याला फॉस्फरस असलेला एक पदार्थ मिळाला. प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनला हा पदार्थ दाद देईना. मीशरने त्याला ‘न्यूक्लिन’ म्हटलं; आज आपण त्याला डीएनए म्हणतो. त्याचे गुरू होप्पे-झायलर यांनी सगळे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले, तेव्हा कुठे १८७१मध्ये निबंध छापून आला.

पुढे बरीच दशकं हा पदार्थ दुर्लक्षित राहिला. चारच प्रकारचे बेस (अॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन हे घटक, म्हणजे जणू त्याची अक्षरं) असलेल्या साध्या रेणूत आनुवंशिकतेचा एवढा मजकूर मावेल कसा, असं वाटे. मान प्रथिनांना होता. १९४४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एव्हरी, मॅकलाउड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं की, निरुपद्रवी न्यूमोकॉकस जिवाणूंना घातक प्रकारात बदलतो तो डीएनएच. तरी शंका पुरती फिटली नव्हती.

मग रचना. जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन शारगाफ यांनी मोजून दाखवलं होतं की, डीएनएमध्ये अॅडेनीन थायमीनइतकं आणि ग्वानीन सायटोसीनइतकं असतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२मध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रात सर्पिल आकाराची खूण स्पष्ट दिसत होती. ते छायाचित्र फ्रँकलिन यांना न विचारता, केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक यांच्यासोबत याच रचनेच्या मागे असलेल्या जेम्स वॉटसन यांना दाखवलं गेलं, ही गोष्ट या इतिहासात दरवेळी लिहिलीच पाहिजे. २५ एप्रिल १९५३ला वॉटसन आणि क्रिक यांनी दोन पेडांचा गोफ जगासमोर मांडला. १९६२चं नोबेल त्यांना किंग्ज कॉलेजातल्याच मॉरिस विल्किन्स यांच्यासह मिळालं. फ्रँकलिन १९५८मध्येच, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेल्या होत्या.

या गोफात अॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीनच बसतं. त्यामुळे एका पेडावरून दुसरा घडवता येतो, म्हणजे प्रत कशी निघत असेल हे रचनेतच दिसत होतं. मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८मध्ये जड नायट्रोजन वापरून ते सिद्ध केलं: प्रत्येक नव्या गोफात एक पेड जुना, एक नवा.

आता गंमत पाहा. एक पेड बिघडला तर दुसऱ्यावरून तो नीट करता येईल, हेही त्याच रचनेत होतं. पण तिकडे लक्ष गेलं नाही. दुरुस्तीचा विचार आमच्याकडून पुरता निसटला, असं क्रिक यांनीच १९७४मध्ये लिहिलं. कारण उघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा रेणू मुळातच भक्कम असणार, असं सगळे धरून चालले होते. भक्कम वस्तूला डागडुजी कशाला?

पुरावे तर १९४९पासून होते. अल्बर्ट केल्नर यांना दिसलं होतं की, अतिनील किरणांनी मरणपंथाला लागलेले सूक्ष्मजीव साध्या दृश्य प्रकाशात ठेवले की पुन्हा वाढू लागतात. १९६८मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की, उन्हाने त्वचा होरपळणाऱ्या आणि लहान वयात त्वचेचा कर्करोग होणाऱ्या झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजारात अतिनील किरणांनी बिघडलेल्या डीएनएची दुरुस्ती पेशींना नीट जमत नाही.

पण मूळ समजुतीलाच हात घातला टोमास लिंडाल यांनी. डीएनए पाण्यात, शरीराच्या तापमानाला, कुणी काही न करताही झिजतो, हे त्यांनी मोजलं. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत दिवसाला सुमारे १०,००० बेस आपोआप गळतात, असा त्यांचा १९७२चा अंदाज. शिवाय सायटोसीनचं कधीकधी युरॅसिल या वेगळ्याच बेसमध्ये रूपांतर होतं. हे युरॅसिल हुडकून कापून काढणारं एन्झाइम लिंडाल यांना १९७४मध्ये सापडलं. डीएनएचा भाऊबंद असलेल्या आरएनए या रेणूत युरॅसिल असतं, मग डीएनएत त्याच्या जागी थायमीन का, याचं उत्तरही इथे मिळतं. युरॅसिल डीएनएत मुळात नसतंच, म्हणून दिसलं की ते चुकीचं, हे पेशीला ओळखता येतं. इतकं सुंदर उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं.

तुर्कस्तानातल्या सावूर गावचे अझिझ सँजार यांनी अतिनील किरणांनी बिघडलेला तुकडा जिवाणू दोन बाजूंनी कसा छाटतात, ते १९८३मध्ये दाखवलं. आणि पॉल मॉडरिच यांनी प्रत काढताना झालेल्या चुकांचा प्रश्न सोडवला. चुकीची जोडी जमली तर खरा बेस कुठला आणि चुकीचा कुठला? ई. कोलाय जिवाणूत जुन्या पेडावर मिथाइलच्या (एका छोट्या रासायनिक गटाच्या) खुणा असतात, नव्यावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात नवा पेड ओळखून दुरुस्त होतो. तिघांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चुकीच्या जोड्या सुधारणारी हीच यंत्रणा माणसात जन्मतः सदोष असेल तर मोठ्या आतड्याचा कर्करोग घराण्यात उतरतो, हे १९९३मध्ये कळलं. आज अशा गाठीचा तुकडा तपासायला गेला की, ही दुरुस्ती करणारी चार प्रथिनं पेशीत आहेत की नाहीत हे पाहतात, आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार) द्यायची का, याचा निर्णय त्यावरही ठरतो.