घरगुती ब्रेथ ॲनालायझर: पोटातल्या सेन्सरची दोन घराणी

शेजारी शेजारी ठेवलेले दोन घरगुती ब्रेथ ॲनालायझर, म्हणजे श्वासावरून शरीरातलं अल्कोहोल मोजणारी यंत्रं, दिसायला जुळे भाऊ वाटतात. मुठीत मावणारं यंत्र, वर प्लास्टिकची नळी, समोर आकड्यांचा छोटा पडदा. किमतीत मात्र बरीच तफावत. खरा फरक पोटातल्या सेन्सरचा आहे, आणि हे सेन्सर दोन वेगळ्या घराण्यांतले आहेत. एक पोलिसांच्या हातातून घरात आलं, दुसरं गॅसगळतीच्या घंटेतून.

प्यायलेल्याच्या तोंडाला वास येतो हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. प्रश्न मोजण्याचा होता. शरीरातलं थोडं अल्कोहोल श्वासावाटे बाहेर पडतं, असं इंग्लिश डॉक्टर फ्रान्सिस ॲन्स्टी यांनी १८७४ मध्ये नोंदवलं. त्याचं मोजमाप १९२७ मध्ये अमेरिकेत एमिल बोगन यांनी करून दाखवलं. साधन काय, तर फुटबॉलच्या आतला रबरी ब्लॅडर. माणसाने त्यात फुंकायचं आणि ती हवा गंधकाम्लात विरघळवलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटमधून सोडायची. अल्कोहोल असेल तर पिवळसर द्रावण हिरवट होत जातं.

यामागचा हिशेब आजही तोच आहे. फुप्फुसात रक्त आणि हवा यांच्यात पातळसा पडदाच असतो, त्यामुळे रक्तातलं अल्कोहोल ठरावीक प्रमाणात हवेत उतरतं. सुमारे २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढंच १ मिलिलिटर रक्तात, असं धरून बरीचशी यंत्रं आकडा दाखवतात. 'धरून' हा शब्द महत्त्वाचा, कारण हे गुणोत्तर माणसागणिक थोडं बदलतं. यंत्राच्या पडद्यावर दोन-तीन दशांश स्थळं दिसली की आपण उगाच भारावतो.

इंडियाना विद्यापीठाच्या रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात 'ड्रंकोमीटर' बनवला. फुग्यात फुंकायचं, हवा जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमधून सोडायची आणि रंग उडेपर्यंत किती हवा लागली ते पाहायचं. चालवायला हात सराईत हवा, आणि रंग उडाला की नाही हे शेवटी डोळ्यांनीच ठरवायचं.

तो डोळा काढून टाकला इंडियाना राज्य पोलिसांच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी. हा गृहस्थ मुळात फोटोग्राफीतला, त्यामुळे उजेड आणि रंग ही हातातली विद्या. १९५४ मध्ये त्यांनी केलेल्या 'ब्रेथलायझर'मध्ये दोन काचेच्या कुप्या असत: एक जशीच्या तशी, दुसरीत श्वास सोडायचा. मधला दिवा सरकवून दोन्हींतून पलीकडे जाणारा उजेड सारखा करायचा. दिवा किती सरकला त्यावरून अल्कोहोल कळे. श्वासही मोजून घेतला जाई, ५२.५ मिलिलिटर, आणि तोही फुंकरीच्या शेवटचा, म्हणजे फुप्फुसाच्या तळातला. माझ्या मते खरी अक्कल या शेवटच्या गोष्टीत होती. सुरुवातीची हवा तोंडातली, तिचा रक्ताशी संबंध नाही. नुकताच घोट घेतला असेल तर तोंडातच अल्कोहोल उरलेलं असतं, म्हणून चाचणीआधी पंधरा मिनिटं थांबायचा दंडक आहे. घरी नेमकं हेच कोणी पाळत नाही.

ब्रिटनने १९६७ मध्ये गाडी चालवणाऱ्यांना १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा घातली आणि रस्त्यावर स्फटिक भरलेल्या काचेच्या नळ्या आल्या. एकदा फुंकून फेकून द्यायच्या चाचण्या त्यांच्याच वंशातल्या. फ्रान्सने २०१२ मध्ये प्रत्येक गाडीत अशी चाचणी बाळगायची सक्ती केली, न बाळगल्याचा दंड बारगळला आणि २०२० मध्ये सक्तीही गेली.

रसायनाला सुट्टी दिली फ्युएल सेलने, म्हणजे पहिल्या घराण्यातल्या सेन्सरने. वेल्समधल्या कार्डिफला टॉम पॅरी जोन्स यांच्या लायन लॅबोरेटरीजने १९७० च्या दशकात हातात धरायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आणलं. आत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड. श्वासातलं अल्कोहोल तिथे ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातून वीज निर्माण होते. अल्कोहोल जास्त तर वीज जास्त. मधुमेहात श्वासात उतरणाऱ्या ॲसिटोनकडे हा सेल फारसं लक्ष देत नाही. अशा यंत्रात फुंकर संपत आली की बारीकसा 'टक्' आवाज येतो. आतला पंप ठरावीक माप हवा ओढून घेतो, त्याचा तो आवाज. बोर्कनस्टाइनच्या त्या मोजलेल्या श्वासाचाच हा धाकटा अवतार.

दुसऱ्या घराण्याचा दारूशी मूळचा संबंधच नव्हता. जपानमध्ये घरगुती गॅसच्या स्फोटांवर उपाय शोधताना नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा सेन्सर बनवला. १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६८ पासून फिगारो कंपनीने तो बाजारात आणला. तापवलेल्या टिन ऑक्साइडला ज्वलनशील वायू लागला की त्याचा विद्युतरोध घटतो आणि घंटा वाजते. अल्कोहोलची वाफही ज्वलनशीलच, तेव्हा तिलाही तो ओळखतो. स्वस्त यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर उलटी मोजणी चालते, ती हा सेन्सर तापेपर्यंतची. स्वस्त, टिकाऊ, पण चोखंदळ नाही: ॲसिटोन, धूर, अत्तर, हवेतला दमटपणा, सगळ्यांनीच तो बिचकतो. घंटेला ते चालतं, कारण तिला 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगायचं असतं. मर्यादेच्या जरा वर की जरा खाली, हे तिला कधी विचारलेलंच नव्हतं.

दोन्ही सेन्सर वापरानुसार हळूहळू भरकटतात आणि ज्ञात प्रमाणाच्या वाफेवर पुन्हा जुळवावे लागतात. पोलिसांकडे त्याचं वेळापत्रक असतं. घरातलं यंत्र खणात पडून राहतं आणि आकडा मात्र पहिल्या दिवसाइतक्याच ठामपणे दाखवतं.

२०१३ च्या सुमारास यंत्र फोनला जोडलं गेलं. ब्रेथोमीटर नावाची अमेरिकी कंपनी टीव्हीवरून गाजली. पुढे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, आरोप ठेवला, की अचूकतेच्या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता आणि एक मॉडेल खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं हे कंपनीला माहीत होतं. चूक व्हायचीच तर जास्त दाखवण्याची परवडते. कमी दाखवलेला आकडा माणसाला थेट गाडीच्या किल्ल्या देतो. जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली आणि पैसे परत मागणाऱ्या ग्राहकांना ते देण्याचं कंपनीने कबूल केलं.