एरंडेलाचे वंशज लढाऊ जेटमध्ये

एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा म्हणजे कसा, हे ते प्यायलेल्याला सांगावं लागत नाही. पहिल्या महायुद्धातले वैमानिक मात्र हेच तेल तोंडावर झेलत लढले. तेव्हाच्या बऱ्याच लढाऊ विमानांत रोटरी इंजिन असे. त्यात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगरायचं आणि पेट्रोलची वाफ वंगणाच्या वाटेनेच सिलिंडरकडे जायची. खनिज तेल त्या पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन निघे. एरंडेल त्यात सहज मिसळत नाही, धातूला चिकटून राहतं. एकदा वापरलेलं तेल धुराबरोबर बाहेर उडून जाई.

जेट इंजिनाची मागणी आणखी कठीण. चालू असताना बेअरिंग भाजून निघतात, आणि रात्रभर बर्फात उभं राहिलेलं विमान सकाळी लगेच सुरू व्हायला हवं. उष्णतेत टिकेल इतकं दाट खनिज तेल थंडीत मेणासारखं थिजतं.

इथे एरंड परत आला. त्याच्या तेलावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की सेबॅसिक आम्ल मिळतं. त्याचा अल्कोहोलशी संयोग घडवला की तयार होतं एस्टर. असं डायएस्टर (आम्लाच्या दोन्ही टोकांना अल्कोहोल जोडलेलं एस्टर) उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपासही वाहतं राहतं. अमेरिकी लष्कराची पहिली कृत्रिम जेट तेलं अशाच डायएस्टरांची होती.

इंजिनं अधिक तापू लागली तसा डायएस्टरचा कच्चा दुवा उघडा पडला. त्याच्या अल्कोहोलच्या बाजूला एका विशिष्ट कार्बनवर हायड्रोजन असतो. उष्णतेत रेणू तिथूनच तुटतो. मग रसायनशास्त्रज्ञांनी पेंटाएरिथ्रिटॉलसारखं अल्कोहोल निवडलं. त्यात त्या जागी हायड्रोजनच नाही! मला तरी या तेलांच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते. आजची जेट तेलं मुख्यतः अशा पॉलिओल एस्टरांची, म्हणजे अल्कोहोलचे अनेक गट असलेल्या रेणूंपासून बनलेल्या एस्टरांची असतात.

तरीही खरी परीक्षा इंजिन बंद केल्यावर होते. तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनची धग आत झिरपत राहते. नळीत अडकलेलं तेल करपून काळा, कडक थर धरतो. तो जमत गेला तर तेलाची वाटच बुजते. म्हणूनच जोरात चालवलेलं इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटं संथ चालवून थंड होऊ देतात.

तेल बेअरिंगची खबरही आणतं. टाकीतला छोटासा नमुना वर्णपटमापीत, म्हणजे प्रकाशाच्या रंगांवरून धातू ओळखणाऱ्या यंत्रात, जाळला की लोह, तांबं, चांदी दहा लाख भागांत किती, ते कळतं. लोहाचा आकडा अचानक चढला, तर बेअरिंग झिजतंय असा संशय घेऊन इंजिन तपासायला काढतात, वैमानिकाला साधी घरघरही ऐकू आलेली नसताना.