हिरवा दिवा कशाची ग्वाही देतो?

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पावसाळ्यात नेट गेले की सर्वप्रथम राउटरवरचा हिरवा दिवा पाहिला जातो, आणि तो पेटलेला असला की यंत्र ठीक आहे, दोष बाहेरच्या लाइनचा, असा निकाल लागतो. हा निकाल पुष्कळदा बरोबर निघत असला, तरी त्यामागचा तर्क कच्चा आहे. इथरनेट पोर्टवरचा दिवा सहसा ‘फाय’ ही चिप पेटवते आणि तिला केबलच्या पलीकडच्या टोकाशी संपर्क जुळला, एवढेच ठाऊक असते. डेटाची पाकिटे तयार करणारा व स्वीकारणारा ‘मॅक’ हा भाग अनेक यंत्रांत प्रोसेसरच्या चिपमध्ये असतो. या दोहोंना जोडणाऱ्या सर्किट बोर्डावरील काही सेंटिमीटर लांबीच्या तांब्याच्या रेघांवर काय चालले आहे, याची वार्ता त्या दिव्याला नसते.

गिगाबिट इथरनेटसाठी या रेघांवर अनेकदा एसजीएमआयआय ही पद्धत वापरतात. प्रत्येक दिशेला दोन रेघांची एक जोडी आणि तिच्यावरून सेकंदाला 1.25 अब्ज बिट (शून्य किंवा एक), म्हणजे एका बिटाला केवळ 800 पिकोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी) मिळतात. बहुतेक रचनांत वेळ दाखवणारा वेगळा क्लॉक सिग्नल पाठवत नाहीत. बिट केव्हा बदलतात हे पाहूनच स्वीकारणारी चिप ताल पकडते. त्यामुळे शून्यांची लांबलचक रांग आली, तर ताल सुटण्याचा धोका असतो.

यावरची योजना मला फार देखणी वाटते. आयबीएममधील विडमर आणि फ्रानाझेक यांनी 1983 साली मांडलेल्या संकेतपद्धतीत 8 बिटांच्या जागी 10 बिटांचा एक ‘शब्द’ पाठवला जातो, आणि ते बिट असे निवडलेले असतात की सलग पाचांहून अधिक बिट सारखे येत नाहीत व एक आणि शून्य यांची संख्या सतत समतोल राहते. ज्या शब्दात एकांची संख्या शून्यांहून जास्त झाली, त्याची भरपाई करण्यासाठी पुढच्या असमतोल शब्दाचे शून्य जास्त असलेले रूप पाठवले जाते. उरतो प्रश्न शब्द कोठे सुरू होतो हा. मोडी लिपीतील जुना कागद वाचताना शब्द कोठे तुटतो हे जसे वाचणाऱ्यालाच ओळखावे लागते, तशीच ही अखंड बिटांची ओळ असते. म्हणून तिच्यात 0011111 किंवा 1100000 अशी खूण पेरतात, जी निर्दोष डेटात अन्यत्र कोठेही दिसत नाही.

दोष शोधताना याच गुणांचा उपयोग होतो. संकेतात न बसणारे शब्द मोजणारा गणक वाढत असेल, तर सिग्नल विद्रूप होत आहे. मग ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, हजारो बिट एकमेकांवर रचून जो ‘डोळा’ दिसतो, तो मिटत चालला आहे का ते पाहावे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत गंजलेला सांधाही त्याला कारण होऊ शकतो. पाठवलेला डेटा लूपबॅकने आतूनच परत फिरवला की दोष कोणत्या बाजूला आहे तेही कळते. राउटरला लिंबू-मिरची बांधून किंवा ‘किरण शोषणारे’ स्टिकर चिकटवून या 800 पिकोसेकंदांत काडीचाही फरक पडत नाही; दुसऱ्या प्रकारात फक्त पैसे अधिक जातात.

खरा चकवा मात्र वेगळाच आहे. बोर्ड आखताना जोडीतील धन आणि ऋण रेघांची अदलाबदल झाली, तर प्रत्येक बिट उलटा पोहोचतो. परंतु वर दिलेली खूण उलटी केली तरी खूणच राहते, आणि या संकेतात कोणताही वैध शब्द उलटवला की दुसरा वैध शब्दच तयार होतो. परिणामी शब्दांच्या सीमा बिनचूक जुळतात, समतोल टिकतो, चुकांचा गणक शून्यावर राहतो, आणि तरीही एकही पाकीट समजत नाही. ओळख पटते ती विश्रांतीच्या काळातील, म्हणजे पाकिटे नसताना पाठवल्या जाणाऱ्या, शब्दांवरून: खुणेमागून ‘डी16.2’ नावाचा शब्द येण्याऐवजी त्याचे उलटे रूप ‘डी16.5’ येऊ लागते. हे दिसल्यावर रेघा खरवडण्याची गरज नसते. पुष्कळ चिपांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे सेटिंग साठवणाऱ्या जागेत, ध्रुवता (धन-ऋण बाजू) उलटवणारा एक बिट असतो आणि तो बदलला की पाकिटे वाहू लागतात.