भेटीची सवलत आणि दुकानाचं पार्सल

पाच हजारांचा रंधा, हजार रुपये कुरिअर. २०२१ मध्ये जपानमधल्या एका दुकानातून मी सुतारकामाचा हा छोटा रंधा मागवला, कार्डावरून सहा हजार भरले आणि व्यवहार संपला असं समजून वाट बघत बसलो. पार्सल मुंबईत उतरलं तेव्हा कुरिअरवाल्यांचा मेसेज आला. आधी ओळखपत्र पाठवा, मग ४,७०० रुपयांच्या आसपास ड्युटी भरा. त्यावर आमचं शुल्क आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी.

पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी फसवतंय. रात्री कागद-पेन घेऊन बसलो. विम्यापोटी धरलेली किरकोळ रक्कम सोडली, तर करासाठीची किंमत सहा हजार, कारण आपल्याकडे ड्युटी वस्तूबरोबर तिच्या वाहतुकीवरही लागते. त्यावर मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, म्हणजे २,१०० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, २१० रुपये. मग २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. पण तो सहा हजारांवर लागत नाही, आधीचे दोन्ही कर मिळवून होणाऱ्या ८,३१० वर लागतो. सगळं मिळून ७७.२८ टक्के. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या मालाला तेव्हा हाच दर होता. त्याआधी काही वर्षं हीच बेरीज बरीच कमी होती, आणि माझ्या डोक्यात कुठेतरी तोच जुना अंदाज बसलेला होता.

कुरिअरवाल्यांचं शुल्क कशाचं, हेही नंतर कळलं. ते सरकारला ड्युटी आधी स्वतःच्या खिशातून भरतात, माल सोडवून घेतात आणि मग आपल्याकडून वसूल करतात. आगाऊ भरण्याची ती किंमत. छोट्या पार्सलला ती फार बोचते, कारण बहुतेक ठिकाणी तिची एक किमान रक्कम ठरलेली असते.

मला खरी टोचणारी गोष्ट वेगळी होती. दुकानाने पैसे घेताना यातलं काहीच का सांगितलं नाही? याचं उत्तर टपालाच्या जुन्या व्यवस्थेत सापडतं.

परदेशातून येणाऱ्या पार्सलवर एक छोटी चिठ्ठी असते, पुष्कळदा हिरवी. टपालवाले तिला सीएन २२ म्हणतात. आत काय आहे, वजन किती, किंमत किती आणि हे काय म्हणून पाठवलंय: भेट, नमुना, कागदपत्रं की आणखी काही. चिठ्ठी भरतो पाठवणारा, कर भरतो घेणारा. आपल्या १९६२ च्या कस्टम्स कायद्यात टपालाने येणाऱ्या मालासाठी वेगळी कलमं आहेत. टपाल खातं यादी अधिकाऱ्यापुढे ठेवतं, कर ठरतो, आणि पोस्टमन दारात पैसे घेऊन मगच पार्सल हातात देतो. मुंबईत हे काम बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

ही रचना नातेवाइकांसाठी ठीक होती. लंडनच्या मामाने दादरच्या भाच्याला पाठवलेल्या खोक्यात दुकानदार कुठेच नव्हता, म्हणून आधी किंमत सांगण्याचा प्रश्नही नव्हता. शिवाय परकीय चलनावर कडक नियंत्रण ठेवणाऱ्या १९७३ च्या फेरा कायद्याच्या काळात साध्या माणसाला परदेशी दुकानाला पैसे पाठवणंच जवळपास अशक्य होतं. आयात शुल्काचा कमाल दर १९९१ च्या अर्थसंकल्पात खाली आणला, तरी तो १५० टक्के होता. घरी येणारं परदेशी पार्सल म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच माणसाचं.

म्हणून भेटीला सूट होती, अखेरच्या काळात ५,००० रुपयांपर्यंत. आणि ही सूट काही एकट्या भारताची कल्पना नव्हती. अमेरिकेने १९३८ मध्ये छोट्या मालाला ड्युटीतून वगळलं, तेव्हा मर्यादा होती एक डॉलर. कारण व्यवहारी होतं: जेवढा कर हाती येईल त्याच्या मानाने तो गोळा करण्याचा खर्च आणि त्रास जास्त. ती मर्यादा १९७८ मध्ये पाच डॉलर झाली, १९९३ च्या कायद्याने २०० आणि २०१६ मध्ये थेट ८००.

मग दुकान आलं. फोनवरच्या अॅपवर कपडे, दिवे, खेळणी दिसायला लागली आणि चीनमधून एकेक पुडकं सुटं निघू लागलं. भारतात येणाऱ्या अशा पुडक्यांवर 'भेट' लिहिलेलं असायचं, किंमत पाच हजारांच्या आत. घेणाऱ्याला त्याची कल्पनाही नसायची. त्याने सरळ विकत घेतलेलं असायचं. देशातल्या व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या, कस्टम्सने माल अडवला. १२ डिसेंबर २०१९ ला परकीय व्यापार महासंचालनालयाने नियमच बदलला. टपालाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून ड्युटी न भरता माल आणणं बंद, अपवाद दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र चालणार नाही, हेही नियमात लिहिलेलं आहे.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. लबाडी केली विक्रेत्यांनी, आणि अमेरिकेतल्या बहिणीने राखीबरोबर भावाला पाठवलेला शर्ट करपात्र झाला. व्यापाऱ्यांची तक्रार रास्त होती, ती मोकळी वाट बंद करायलाच हवी होती. पण नात्यातलं खोकं आणि दुकानातलं खोकं वेगळं ओळखण्याची काही सोय करण्याऐवजी दोन्ही एकाच दारात अडवली गेली.

बाकीच्या देशांनी दुसरी वाट धरली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरचा जीएसटी मोठ्या परदेशी विक्रेत्यांनीच विक्रीच्या वेळी घ्यायचा, असं ठरवलं. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ ला १५ पौंडांपर्यंतची सूट काढली आणि १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रेत्याकडे सोपवला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ ला २२ युरोंची सूट बंद केली आणि विक्रेत्याला नोंदणी करून तिथेच कर घेण्याची सोय दिली. तिथे ग्राहकाला कर चुकला नाही, पण पैसे भरतानाच आकडा दिसू लागला. मला हे आपल्यापेक्षा बरं वाटतं.

अमेरिकेने मात्र झटका दिला. ८०० डॉलरच्या सवलतीत येणारी पार्सलं २०२४ च्या आर्थिक वर्षात १३६ कोटींच्या घरात गेली होती. २ मे २०२५ ला चीन आणि हाँगकाँगसाठी ही सूट संपली, २९ ऑगस्टला सगळ्या जगासाठी. आणि आपल्या घरांना त्याची झळ लागली ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर.

न्यू जर्सीतल्या मुलीला फराळाचं खोकं पाठवणारी घरं पुण्या-मुंबईत काही कमी नाहीत. चकलीचा डबा, करंज्या कागदात गुंडाळून, बेसनाचे लाडू, वर चिवड्याची पिशवी. कायद्याने १०० डॉलरपर्यंतच्या भेटीला अजून सूट होती. पण ड्युटी कोणी गोळा करायची आणि कशी भरायची, हेच स्पष्ट नसल्यामुळे विमान कंपन्या टपाल घेईनात. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक पार्सल बुकिंग थांबवलं, आणि महिना संपायच्या आत पत्रं आणि भेटीसुद्धा बंद झाल्या. कागदावरची सूट काउंटरवर मिळेना.

सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी. तोवर लाडू वेळेत पोहोचण्याची आशा संपली होती. नव्या पद्धतीत व्यापारी पार्सलची ड्युटी, तेव्हाच्या दराने किमतीच्या ५० टक्के, पाठवणाऱ्याने इथेच बुकिंगच्या वेळी भरायची होती. म्हणजे पोस्टमनने दारात पैसे मागण्याची ती जुनी रीत अमेरिकेच्या टपालापुरती उलटी झाली.

आपल्याकडे २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या मालावरचं मूळ सीमाशुल्क, जे माझ्या वेळच्या ३५ वरून एव्हाना २० टक्क्यांवर आलं होतं, ते १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव आला. माझ्यासारख्यांना तो दिलासा आहे. पण दर खाली आला तरी परदेशी दुकानाच्या पानावर तो आपोआप दिसत नाही. आता काही मागवायचं असेल तर मी पैसे भरण्याआधी दुकानाला दोन ओळी लिहून विचारतो: ड्युटी तुमच्या किमतीत धरली आहे का, आणि कुरिअरचं शुल्क कोण भरणार? उत्तर लेखी आलं तरच पुढे जातो. रंधा सुरेख चालतो, सागवानाची ढलपी कागदासारखी पातळ निघते. तो घरात पडला पावणेअकरा हजारांच्या वर.