सिनेमाची सगळी गाणी एकत्र कधी झाली?

हिंदी सिनेमाचा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकणं ही जुनी, पूर्वापार चालत आलेली रीत वाटते. तशी ती नाही. बोलपट आल्यावर पहिली पंचवीस-तीस वर्षं 'सिनेमाचा अल्बम' नावाची वस्तू बाजारात नव्हतीच. गाणी होती, भरपूर होती, पण सुटी सुटी.

सुरुवात तर रेकॉर्डशिवायच झाली. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. त्यात सात गाणी होती, पण त्यांची एकही तबकडी निघाली नाही. सिनेमाची प्रतही आज उरलेली नाही, म्हणजे ती गाणी मूळ आवाजात ऐकण्याची वाटच बंद झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या 'इंद्रसभा'त ७०च्या आसपास गाणी होती असं सांगतात. एवढी गाणी कोण छापणार आणि कोण विकत घेणार?

तेव्हाची तबकडी लाखेची, दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. हिंदी सिनेगीत साडेतीन मिनिटांच्या आसपास का घोटाळत राहिलं, याचं निम्मं उत्तर या तबकडीत आहे. गाणं लांबलं की एक तर रेकॉर्डसाठी अंतरा कापायचा, नाही तर अर्धं गाणं उलट्या बाजूला टाकायचं. मग ऐन रंगात आलं की उठा, तबकडी उलटा, पिन बदला, चावी भरा. पडद्यावरचं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं यांत फरक पडायला लागला तो इथून, आणि जुन्या गाण्यांचे षौकीन अजून त्यावरून तावातावाने बोलतात.

आठ गाण्यांच्या सिनेमाच्या चार रेकॉर्डी निघत. चारही घेणारा विरळा. ज्याला जे गाणं आवडलं त्याची तबकडी तो घेई. मागच्या बाजूचं गाणं पदरात पडे ते पडे. घरातल्या पेटीत मग वेगवेगळ्या सिनेमांची, भावगीतांची, नाट्यपदांची सरमिसळ व्हायची. सिनेमाला सलगपणा होता तो फक्त थिएटरात.

तबकडीवर नाव कोणाचं, हाही प्रश्न होता. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर वाजलं तसं श्रोत्यांनी विचारायला सुरुवात केली, ही गाते कोण? तेव्हा कुठे रेडिओवरून लता मंगेशकरांचं नाव सांगितलं गेलं. पार्श्वगायन १९३५ पासून चालू होतं, तरी इतक्या वर्षांनीही या तबकडीवर गाणारीचं नाव नव्हतं.

मग रेडिओचं प्रकरण. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. शास्त्रीय संगीताचा भोक्ता मराठी माणूस. सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे. आकाशवाणीवर त्या गाण्यांना कात्री लागली. त्याच सुमारास दुसरा वादही पेटला: गाण्याबरोबर सिनेमाचं नाव घेणं म्हणजे फुकट जाहिरात, म्हणून आकाशवाणी ते सांगेना, निर्मात्यांनी चिडून गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. केसकरांनी शास्त्रीय गायक-वादकांसाठी पुष्कळ केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सिनेगीताच्या बाबतीत त्यांनी श्रोते सरळ सिलोनच्या हवाली केले. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे, टेप कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री सगळा देश कान लावून बसायचा. गाण्याबरोबर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी सगळी वंशावळ तिथे सांगितली जाई. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली.

अर्थात गीतमालेनेही गाणं सुटंच ठेवलं. पायदान, म्हणजे लोकप्रियतेच्या यादीतला क्रमांक, गाण्याला मिळे, सिनेमाला नाही.

एकत्र येणं शक्य झालं ते एलपीमुळे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मिनिटाला ३३ फेऱ्यांची मोठी तबकडी भारतात आली. एका बाजूला वीसेक मिनिटं, दोन्ही मिळून आख्खा सिनेमा. पण एलपी आणि ती वाजवणारं यंत्र, दोन्ही महाग. सामान्य घर रेडिओवर, इराण्याच्या हॉटेलात नाणं टाकून रेकॉर्ड वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सवर आणि लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावर भागवत होतं. गणपतीत मंडळाने लावलेल्या रेकॉर्डी ऐकूनच कित्येकांची गाणी पाठ झाली.

'शोले'ची एलपी हे यातलं माझ्या मते सगळ्यात मजेदार प्रकरण. १९७५ चा सिनेमा, रेकॉर्ड पॉलिडॉर कंपनीची. त्यात 'चांद सा कोई चेहरा' ही कव्वाली आहे, जी सिनेमातून वगळली गेली. किशोर कुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि चौथे खुद्द गीतकार आनंद बक्षी गातात. सिनेमा कितीही वेळा पाहिला तरी ती सापडत नाही, ती फक्त रेकॉर्डवर. उलट बाजूने, लोक थिएटरातून बाहेर पडताना गाण्यांपेक्षा संवाद जास्त घोळवत होते, तेव्हा कंपनीने संवादांचीच रेकॉर्ड काढली आणि ती धो धो खपली. 'कितने आदमी थे' पानाच्या गादीवर वाजू लागलं. सिनेमाची रेकॉर्ड म्हणजे गाणीच असली पाहिजेत, हा समजही तिथे मोडला.

खरी उलथापालथ कॅसेटने केली. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेला संच, येऊ लागला आणि गाणं पहिल्यांदा स्वस्त झालं. १९८३ मध्ये गुलशन कुमारांनी टी-सीरिज ही कंपनी काढली. जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन विकायची, भाव कमी ठेवायचा आणि कॅसेट किराणा दुकानापर्यंत पोचवायची, असा तो हिशेब. एचएमव्ही या जुन्या रेकॉर्ड कंपनीची जवळजवळ मक्तेदारी त्यापुढे टिकली नाही. एका बाजूला एक सिनेमा आणि उलटीकडे दुसराच, अशा जोडकॅसेटही निघत, त्यामुळे काहीही संबंध नसलेले दोन सिनेमे कित्येकांच्या डोक्यात कायमचे जुळे झाले.

याच काळात गल्लोगल्ली 'कॅसेट भरून देणारे' बसले. वहीतून गाणी निवडायची, चिठ्ठी द्यायची, दोन दिवसांनी कॅसेट न्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सहा-सात गाणी बसत. शेवटचं मुखड्यावर तुटलं तर तक्रार करायची नाही. बेकायदा धंदा, पण जुनी, बाजारातून गेलेली गाणी यांनीच फिरती ठेवली. म्हणजे अल्बम स्वस्त होऊन घरात आला तेव्हाच तो फोडून आपला क्रम लावायची सोयही आली.

तरीही १९९०चं दशक हा अल्बमचा सुवर्णकाळ. 'आशिकी'ची (१९९०) गाणी आधी झाली आणि सिनेमा मागून त्यांच्याभोवती बेतला गेला, हे करणाऱ्यांनीच सांगितलेलं आहे. नदीम-श्रवणची एकाच सुरावटीतली ती कॅसेट रिवाइंड करकरून लोकांनी झिजवली. संगीताचे हक्क विकून निर्मात्याच्या हाती आगाऊ मोठी रक्कम पडू लागली, कॅसेट सिनेमाच्या महिना-दोन महिने आधी येऊ लागली. गाणी पाठ करून मग सिनेमाला जायचं, असा उलटा क्रम रूढ झाला. 'रोजा', 'रंगीला' आणि 'दिल से'मुळे ए. आर. रहमानचा अल्बम हेडफोन लावून ऐकण्याची चीज ठरला.

एमपी३ ने हे सगळं दहा वर्षांत विसकटलं. एका सीडीत शंभर-दीडशे गाणी, मग कॉलरट्यून, मग मोबाइल. कॅसेटची दुकानं मोबाइलची झाली. 'आशिकी २' (२०१३) खूप गाजला, पण त्यात संगीतकार तीन: मिथुन, जीत गांगुली, अंकित तिवारी. गाण्यागणिक संगीतकार वेगळा, ही आता नेहमीची पद्धत आहे. गाणी एकेक करून सोडली जातात आणि सिनेमा लागायच्या आसपास सगळी मिळून एक लांबलचक व्हिडिओ 'ज्यूकबॉक्स' या नावाने टाकला जातो. २०१७ मध्ये सारेगामाने, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीनेच, ५००० गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' नावाचा प्लेअर काढला. दिसायला जुना ट्रान्झिस्टर, आत लता, रफी, किशोर, आशा अशी कलाकारांची खाती आणि चक्क गीतमालाही. त्यात एखाद्या सिनेमाची सगळी गाणी ओळीने ऐकायची म्हटली, तर मात्र शोधत बसावं लागतं.