बिनतारी बीकन (जिओकॅशिंग)

जिओकॅशिंगच्या, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याच्या खेळात, ठेव्याकडे जाणारी वाट नुसत्या अक्षांश-रेखांशांवर न सोपवता, जागेवर लपवलेल्या लहानशा रेडिओ प्रक्षेपकाकडून ती उलगडत नेण्याची पद्धत. हा प्रक्षेपक, म्हणजे बीकन, बटणाएवढ्या सेलवर चालतो आणि ठरावीक वेळाने एक छोटा संदेश हवेत सोडत राहतो. त्याच्या दहा-वीस मीटरांच्या परिघात योग्य उपकरण घेऊन जो येईल त्याला तो ऐकू येतो. परिघाबाहेर तो मुका. जवळ असणे हीच इथे किल्ली असते. (लपवलेल्या डब्याला खेळाडू ‘कॅश’ म्हणतात. मराठीत त्या शब्दाने रोकड डोळ्यांपुढे येते, म्हणून या नोंदीत ‘ठेवा’ हा शब्द वापरला आहे.)

पार्श्वभूमी

जीपीएसच्या नागरी संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला बंद झाली. तोपर्यंत सुमारे १०० मीटरांपर्यंत चुकणारे साधे हातातले यंत्र एका रात्रीत वीसेक मीटरांच्या आत नेमके झाले. लगोलग ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्याच महिन्यात या खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळाले आणि काही वर्षांत तो जगभर पसरला.

खेळाचा सगळा भार आकड्यांवर आहे, आणि आकड्यांना पाय फुटतात. एखाद्याने रात्र-रात्र जागून कोडे सोडवावे आणि दुसऱ्याने त्याच्याकडून उत्तर मागून थेट शेवटच्या दगडाशी जाऊन उभे राहावे, हे सर्रास घडते. शिवाय जीपीएस जागेबद्दल काही बोलत नाही. तो फक्त ‘अजून ४० मीटर, ईशान्येला’ असे सांगतो, आणि झाडीत किंवा उंच भिंतींजवळ तेही धड सांगत नाही. बोगद्यात, गुहेत, जाड छपराखाली तर त्याची वाचाच बसते. बीकनमुळे नेमक्या याच जागा खेळात आल्या.

तरीही, दडलेला प्रक्षेपक हुडकण्याचा खेळ जिओकॅशिंगपेक्षा जुना आहे. हौशी रेडिओचालकांमध्ये तो ‘फॉक्स हंटिंग’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या स्पर्धात्मक रूपात जंगलात साधारणपणे पाच प्रक्षेपक लपवलेले असतात. ते एकाच कंप्रतेवर पाळीपाळीने एकेक मिनिट मोर्समध्ये आपली खूण देतात, आणि धावपटू दिशादर्शक अँटेना व नकाशा घेऊन त्यांच्यामागे धावतात. ३.५ आणि १४४ मेगाहर्ट्झ हे त्यासाठीचे रूढ पट्टे आहेत. अँटेना गोल फिरवून आवाज कुठे बुडतो ते टिपण्याचे या खेळाडूंचे कसब बीकन जिओकॅशिंगमध्ये जसेच्या तसे उपयोगी पडते.

चर्प

जिओकॅशिंगसाठीच बनवलेले गार्मिन कंपनीचे ‘चर्प’ हे बीकन ऑक्टोबर २०१० मध्ये बाजारात आले. नाण्यापेक्षा थोडी मोठी, पाणी न शिरणारी अशी ती चकती होती. सीआर१६३२ सेलवर ती सुमारे वर्षभर चाले आणि साधारण १० मीटरांपर्यंत ऐकू येई. लपवणारा आपल्या जीपीएस यंत्रावरून तिच्यात पुढच्या टप्प्याचे अक्षांश-रेखांश आणि एखादा इशारा भरून ठेवी. एकदा भरलेला मजकूर बदलण्याचा अधिकार त्याच यंत्राकडे राही. किती जण येऊन गेले याची मोजणीही ती चकतीच करी, आणि ही गोष्ट लपवणाऱ्यांना फार आवडली. ठेव्यातल्या वहीत सही न करता परतलेल्यांचाही त्यामुळे पत्ता लागू लागला.

अडचण एकच होती. चर्प ‘अँट’ या २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी भाषेत बोले, आणि ती भाषा त्याच कंपनीच्या काही ठरावीक यंत्रांना आणि मोजक्या फोनना कळे. बाकीच्यांनी काय करायचे? एका कंपनीचे यंत्र असेल तरच सापडणारा ठेवा खेळात बसतो का, यावर खेळाडूंमध्ये बराच वाद झाला. शेवटी ठेव्यांच्या नोंदणीत ‘बिनतारी बीकन’ असे वेगळे चिन्ह आले, म्हणजे घरून निघण्यापूर्वीच काय लागेल ते कळू लागले. त्याच ठेव्याकडे जाण्याची दुसरी, थोडी लांबची वाटही खुली ठेवण्याचा प्रघात याच वादातून रुजला, आणि तो पाळण्यासारखा आहे.

फोनला कळणारे बीकन

२०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० ने कमी ऊर्जेचे ब्लूटूथ आणले आणि काही वर्षांत ते जवळपास प्रत्येक फोनमध्ये पोहोचले. ॲपलने २०१३ मध्ये ‘आयबीकन’ आणि गूगलने २०१५ मध्ये ‘एडीस्टोन’ असे बीकनच्या संदेशाचे आराखडे जाहीर केले. दोन्ही मुळात दुकाने आणि संग्रहालयांसाठी होते. खेळाडूंनी ते आपल्या कामाला जुंपले.

आयबीकनच्या संदेशात १६ बाइटांची एक ओळख, तिच्यामागे दोन-दोन बाइटांचे ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे दोन आकडे आणि शेवटी एक मीटर अंतरावर संदेश किती जोरात ऐकू येतो याची नोंद असते. मेजरमध्ये उत्तर अक्षांशाच्या मिनिटांचे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) दशांश चिन्हानंतरचे तीन अंक आणि मायनरमध्ये पूर्व रेखांशाचे तसेच तीन अंक भरले की सहा अंकांत पुढचा टप्पा सांगून होतो. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर, त्यामुळे याहून बारीक आकड्यांची गरज पडत नाही. यात एक खोच आहे. आयफोनवरच्या ॲपला १६ बाइटांची ओळख आधी ठाऊक नसेल तर आयबीकन दिसतच नाही, अँड्रॉइडवरच्या साध्या शोधक ॲपला मात्र दिसतो. म्हणून अनुभवी लपवणारे आकडे सरळ उपकरणाच्या नावातच लिहितात. ब्लूटूथच्या एका जाहिरात-पुडक्यात, म्हणजे उपकरण हवेत सोडते त्या एका संदेशात, ३१ बाइट मावतात, त्यांतून नावाला पंचवीसेक अक्षरे मिळतात. रोमन अक्षरे आणि अंक असतील तर तेवढी पुरे होतात.

वाय-फायचा मार्गही सोपा आहे. २०१४ नंतर सहज मिळू लागलेल्या ईएसपी८२६६ सारख्या चिपवर स्वतःचे छोटे जाळे उभारता येते, आणि जाळ्याचे नावच (कमाल ३२ बाइट) संदेश होतो. फोन जाळ्याला जोडला तर आतले पानही उघडते. त्यावर चित्र, ध्वनी, कुलूपबंद प्रश्न, काहीही ठेवता येते. त्या बदल्यात वाय-फाय वीज खाते, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या ठेव्याला ते परवडत नाही. एनएफसी खुणा (फोन टेकवून वाचायच्या लहान चकत्या) दुसऱ्या टोकाला आहेत. त्यांना सेल लागत नाही, फोन टेकवला की फोनच्याच ऊर्जेवर त्या जाग्या होतात, पण पल्ला काही सेंटिमीटरांचा. त्यांना बीकन म्हणावे का, यावर एकमत नाही. बाकावर कुठे फोन टेकवायचा हे शोधण्यात गंमत आहे, पण हवेतून येणाऱ्या संदेशाचा जवळ-दूरचा खेळ त्यांत नाही, म्हणून ही नोंद त्यांना वेगळे मानते.

जवळ जाण्याचे गणित

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संदेशाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. एक मीटरवर उणे ६० दाखवणारे बीकन दोन मीटरवर उणे ६६, चारवर उणे ७२ आणि आठवर उणे ७८ दाखवेल. आता आठ मीटरांवरून सातवर या: फरक पडतो जेमतेम एका डेसिबलचा. पडद्यावरचा आकडा जागच्या जागी उभे राहूनही चार-पाचाने नाचत असतो, त्यामुळे हा फरक त्यात बुडून जातो. दोन मीटरांवरून एकावर येताना मात्र पूर्ण सहा डेसिबल वाढतात. म्हणजे लांबवर बीकन फक्त ‘मी आहे’ म्हणते. कुठे आहे ते अगदी पायाशी आल्यावर सांगू लागते. नवखा खेळाडू इथेच फसतो. प्रत्येक पावलागणिक आकडा पाहत तो गोलगोल फिरतो. जाणता खेळाडू दहा पावले टाकतो, थांबतो, पाच-सहा वाचने होऊ देतो आणि मगच पुढचे पाऊल टाकतो.

दिशा काढण्याची एक युक्ती फोनखेरीज काही मागत नाही. फोन छातीशी धरायचा आणि जागेवरच हळूहळू स्वतःभोवती फिरायचे. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. पाठ बीकनकडे झाली की शरीराची सावली फोनवर पडते आणि आकडा चांगलाच खाली येतो. तो सर्वांत खाली गेला त्या क्षणी बीकन आपल्या बरोबर मागे असते. शेजारी भिंत किंवा गाडी असेल तर परावर्तनामुळे ही युक्ती चकवते. तेव्हा पाच-सात मीटर बाजूला सरकून पुन्हा फिरावे आणि दोन दिशा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शोधावे.

पाण्याचा हाच गुण लपवणाऱ्यालाही छळतो. कोरड्या दिवसांत वीस मीटरांवर ऐकू येणारे बीकन पावसाने भिजलेल्या पानांआड पाच मीटरांवरही मुके होते. जमिनीलगत ठेवले की पल्ला घटतो. कमरेएवढ्या उंचीवर तो सुधारतो. आणि जिओकॅशिंगचा लाडका, दारूगोळ्याचा रिकामा लोखंडी डबा बीकनला सर्वांत वाईट: घट्ट झाकण लावले की धातू संदेश आतच अडवतो. बीकन डब्याबाहेर, प्लास्टिकच्या डबीत ठेवावे लागते.

आव्हानांची रचना

कागदाच्या चिठ्ठीवर लिहून भागले असते तेच आकडे बीकनकडून वदवून घेण्यात फारसे काही साधत नाही. चिठ्ठीचा सेल तरी संपत नाही. चांगल्या रचनेत बीकन असे काही करते, जे चिठ्ठीला जमणार नाही.

सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत सुंदर रचना म्हणजे नेमके अक्षांश-रेखांश न देता फक्त एक परिसर देणे आणि शेवटचे शंभर मीटर बीकनच्या ‘थंड-गरम’वर (लांब गेले की थंड, जवळ आले की गरम) सोडणे. इथे उत्तर कोणाला सांगून संपत नाही. ‘त्या वाकड्या झाडापाशी’ एवढे सांगता आले तरी ऐकणाऱ्याला पायपीट करावीच लागते. दुसऱ्या रचनेत वेळ मिसळते. प्रकाश मोजणारा घटक जोडला तर बीकन अंधार पडल्यावरच बोलते. तापमान मोजणारा जोडला तर थंडीतल्या पहाटे त्याचा संदेश वेगळा आणि भर दुपारी वेगळा, मग एकाच जागी दोनदा यावे लागते. दोन बीकन शंभर मीटरांवर ठेवून दोघांनाही दर मिनिटाला एकाच क्षणी बदलणारे आकडे दिले, तर त्यांची बेरीज करायला दोन माणसे लागतात, आणि एकमेकांना हाक मारत आकडे सांगणे हाच खेळ होतो. यासाठी दोन्ही घड्याळे जुळलेली राहावी लागतात. स्वस्त चिपचे घड्याळ दिवसाला काही सेकंद सहज सरकते, त्यामुळे ही रचना एखाद्या दिवसाच्या मेळाव्यापुरतीच टिकते.

फसवे बीकनही असतात. पाच आवाजांत एकच खरा, आणि तो कोणता हे आधीच्या टप्प्यातल्या खुणेवरून ओळखायचे. पण ज्या ठिकाणी लोकांची हेडफोन आणि घड्याळे आधीच ब्लूटूथवर गजबज करत असतात तिथे फसवे बीकन ठेवणे म्हणजे नव्या खेळाडूला विनाकारण हताश करणे आहे.

अशा ठेव्यांची नोंद बहुधा बहुटप्पी किंवा कोडे या प्रकारांत होते, आणि खास साधन लागत असल्याचे चिन्हही लावले जाते. दोन वेगवेगळ्या ठेव्यांच्या प्रत्यक्ष वस्तूंमध्ये किमान १६१ मीटर अंतर राखण्याचा नियम प्रत्यक्ष टप्पा म्हणून लपवलेल्या बीकनलाही लागू पडतो, असे धरूनच जागा निवडावी.

देखभाल

सीआर२०३२ सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो. बीकन सरासरी १० मायक्रोअँपिअर ओढत असेल तर कागदावर हा साठा अडीच वर्षे पुरतो. प्रत्यक्षात थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, संदेश सोडण्याच्या क्षणी विद्युतदाब कोसळतो, आणि साठा शिल्लक असूनही बीकन गप्प होते. ऊन वाढले की पुन्हा बोलू लागते. ‘सकाळी आलो तेव्हा काहीच नव्हते’ अशी तक्रार आली की लपवणाऱ्याने आधी हे तपासावे. संदेशांमधले अंतर ही दुसरी कळ. सेकंदाला दहा संदेश सोडले तर शोध सुरळीत होतो, पण सेल लवकर संपतो; दोन-तीन सेकंदांनी एक संदेश सोडला तर सेल टिकतो, पण चालता खेळाडू बीकनसमोरून निघून जाऊ शकतो. सेकंदाला एक हा बऱ्याच जणांनी मानलेला मध्य आहे. एडीस्टोनमध्ये सेलचा दाब आणि तापमान कळवणारे वेगळे पुडके आहे. ते चालू ठेवले तर येणारा प्रत्येक खेळाडू सेलची तब्येत नोंदवू शकतो आणि लपवणाऱ्याची एखादी फेरी वाचते.

दिवे लुकलुकणारी, तारा डोकावणारी अनोळखी डबी सार्वजनिक जागी कोणाला दिसली तर तिला धोका समजले जाणे स्वाभाविक आहे. डबी पारदर्शक असावी, आत काय आहे ते तिच्यावर ठळक लिहिलेले असावे, जागेच्या मालकाची परवानगी घेतलेली असावी, आणि पूल, स्थानके, शाळा यांच्या आसपास बीकन लपवूच नये. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बहुतेक देशांत कमी शक्तीच्या प्रक्षेपणासाठी विनापरवाना खुला आहे. एफएम रेडिओवर संदेश सोडण्याची कल्पना मोहक वाटली तरी तिथले कायदे देशोदेशी वेगळे आणि कडक आहेत.

ठेवा बंद करताना बीकन उचलून आणावे. त्याच्या सेलमध्ये लिथियम असते आणि मातीत पडून त्याचे आवरण गंजते. मजकूर पुसून, सेल बदलून तेच बीकन पुढच्या ठेव्यात वापरता येते.