फ्रीझर पेपर : गोधडीच्या तुकडेजोडणीतील वापर

फ्रीझर पेपर हा एका बाजूने पॉलिथिनचा पातळ थर दिलेला जाड, पांढरा कागद आहे. गोठवून ठेवायच्या मांसाला हवा लागू नये व त्यातील ओल बाहेर पडू नये म्हणून तो गुंडाळण्यासाठी अमेरिकेत वापरतात. त्याची चकचकीत बाजू कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की कागद कापडाला चिकटतो आणि काम संपल्यावर अलगद सोलून काढता येतो. या एका गुणामुळे घरी गोधडी शिवणाऱ्यांनी तो तुकडे कापण्याचा व जोडण्याचा साचा म्हणून उचलला.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घरोघरी शिवली जाणारी वाकळ वेगळ्या रीतीने तयार होते. जुने लुगडे किंवा धोतर अंथरून त्यावर वापरातून गेलेल्या कपड्यांचे तुकडे रचतात, वर पुन्हा एखादी साडी पसरतात आणि कडेपासून आत येत सगळे थर धावदोऱ्याने एकत्र शिवतात. तुकडे एकमेकांवर चढलेले असल्याने अर्धा इंच इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. माप डोळ्यांत असते व बळकटी टाक्यांत. या कामाला फ्रीझर पेपरची मुळीच गरज नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. त्याची गरज लागते ती तुकड्याच्या कडेला दुसऱ्या तुकड्याची कड जोडून चांदणी, षटकोन, कमळ किंवा अक्षरे साधायची असतील तेव्हा. अशा जोडणीत प्रत्येक तुकड्यामागे सुतभर फरक पडला तरी दहा तुकड्यांनंतर ओळ वाकडी होते आणि टोके शिवणीत दबून जातात.

कापडाखाली कागदाचा आधार घेण्याची युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये कागदी साच्यावर कापड दुमडून, कच्चा टाका घालून आणि मग कडा हाताने जोडून तुकडेकाम करीत. तेथील 1718 सालाची खूण असलेले रेशमी तुकड्यांचे पांघरूण याच पद्धतीचे आहे. त्या पद्धतीत प्रत्येक तुकडा कागदाला धाग्याने अडकवावा लागतो. फ्रीझर पेपरने तो कच्चा टाका अनावश्यक केला.

कागद चिकटतो कसा, हे समजून घेतल्यास बहुतेक चुका आपोआप टळतात. पॉलिथिन साधारण 105 ते 115 अंश सेल्सियसला वितळू लागते. मऊ झालेला थर कापडाच्या तंतूंना वरवर धरतो आणि थंड होताच घट्ट होतो. तंतूंशी त्याचा कायमचा सांधा होत नाही. शर्टाच्या कॉलरीत शिंपी जे चिकट बकरम घालतो ते कापडात कायमचे बसते. फ्रीझर पेपर मात्र सोलता येतो आणि चकाकी टिकून आहे तोवर अनेकदा पुन्हा चिकटवता येतो. इस्त्री कोरडी हवी, कारण वाफेने कागद ओला होऊन वळतो. खालचा पृष्ठभागही कठीण असावा. आपल्याकडे जमिनीवर सतरंजी किंवा घडी घातलेली चादर ठेवून इस्त्री करण्याची सवय आहे. त्या मऊ बिछायतीवर दाब नीट बसत नाही व कागदाच्या कडा सुटतात. लाकडी पाटावर एकेरी सुती कापड घालून इस्त्री केली तर पाच-सहा सेकंदांत काम होते. उष्णतेने कागद किंचित आकसतो, म्हणून आकृती काढण्यापूर्वीच तो एकदा कापडावर चिकटवून सोलून घ्यावा. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत पावसाळ्यात कागद हवेतील ओल धरतो. तेथे ही पूर्वतयारी विशेष उपयोगी पडते.

सर्वांत सोप्या वापरात आकृतीतील प्रत्येक तुकडा कागदाच्या निस्तेज बाजूवर नेमक्या मापाने, म्हणजे शिवणीची माया (शिवणीसाठी कडेला सोडायचे जास्तीचे कापड) न धरता काढतात. कागद कापण्याआधी तुकड्यांना क्रमांक देतात, उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवतात आणि शेजारच्या दोन तुकड्यांच्या रेषेवर आडव्या जुळणीच्या खुणा करतात. कागद कापडाच्या उलट बाजूला चिकटवून, भोवती पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर माया सोडून कापड कापतात. मग दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून, कोपऱ्यांना व खुणांना टाचण्या लावून कागदाच्या कडेला लागून, पण कागदावर न चढता, शिवतात. कापड थोडेफार ताणले गेले तरी कागदाची कड हलत नाही. शिवणीची रेषा तीच ठरवते.

सातारा-सांगलीकडच्या घरांतील कापडासाठी हा गुण फार मोलाचा आहे. अनेक वर्षे धुतलेल्या सुती लुगड्याचे कापड मऊ व पातळ झालेले असते. ते उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, कापले की हातात घेताच लांबते आणि चांदणीच्या कळ्या एकसारख्या येत नाहीत. कागद चिकटवल्यावर तेच कापड नव्या पॉपलिनसारखे ताठ राहते. पॉलिस्टर व नायलॉनच्या साड्यांना मात्र बेताचीच उष्णता सोसते. त्यांच्यासाठी इस्त्री कमी अंशावर ठेवून कोपऱ्यातल्या तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी. कोळशाच्या इस्त्रीला उष्णतेचे नियंत्रण नसल्याने अशा साड्यांवर ती या कामासाठी वापरू नये. इरकली लुगड्याचा काठ किंवा खणाचे कापड घेताना कागदाचा आणखी एक उपयोग होतो: त्यावर काठाची रेघ पेन्सिलीने उमटवून ठेवली, तर प्रत्येक तुकड्यात काठ त्याच जागी आणता येतो.

दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण आकृती एकाच अखंड कागदावर ठेवतात. रेषेवर कागद मागे दुमडायचा, आधी चिकटवलेल्या तुकड्यावर दुसरा तुकडा सुलट बाजूला सुलट बाजू लावून ठेवायचा, घडीच्या अगदी लगत शिवायचे, मग घडी उलगडून नवा तुकडा चकचकीत बाजूवर इस्त्रीने बसवायचा आणि पुढच्या रेषेकडे जायचे, असा क्रम असतो. सुई कागदातून जात नसल्याने शेवटी कागदाचे कपटे शिवणींतून उपटावे लागत नाहीत. तोच कागद पुढच्या चौकोनाला चालतो.

तुकडा दुसऱ्या कापडावर टाचायचा असेल तर कागदाची चकचकीत बाजू वर ठेवतात. उदाहरणार्थ, कोयरी. कापडाच्या उलट बाजूवर कागद ठेवून टाचणी लावावी, माया कागदावर दुमडून इस्त्रीच्या टोकाने दाबावी. ती चकचकीत थराला चिकटून राहते. कोयरीच्या आतल्या बाकाजवळ मायेला बारीक छेद द्यावे लागतात. बाहेरच्या गोलाईत छेद न देता माया थोडी थोडी चुणत बसवावी, नाहीतर कडेला कोन दिसू लागतात. टोकाशी आधी टोकच आत दुमडून मग दोन्ही बाजू आणाव्यात. कोयरी पायाच्या कापडाला बारीक टाक्यांनी शिवत आणताना शेवटचा इंचभर भाग उघडा ठेवून तेथून कागद ओढून काढतात.

आकृती उलटण्याचा प्रश्न नवशिक्यांना सर्वाधिक छळतो. निस्तेज बाजूवर काढलेला साचा चकचकीत बाजूने कापडाच्या उलट अंगाला चिकटवला की सुलट अंगावर आकृती डावी-उजवी होते. चांदणीला त्याने फरक पडत नाही, पण बाळाच्या दुपट्यावर ‘क’ जोडायचा असेल तर अक्षर उलटे उमटते. तेव्हा ते कागदावर आधीच उलटे काढावे किंवा कागद सुलट अंगाला चिकटवावा. वर सांगितलेल्या कोयरीच्या पद्धतीत निस्तेज बाजूच कापडाला टेकत असल्याने आकृती उलटत नाही.

हा कागद वाण्याच्या दुकानात सहसा मिळत नाही. ऑनलाइन मागवावा लागतो. अमेरिकेत त्याची प्रचलित रुंदी 18 इंच आहे. स्वयंपाकघरातला बटर पेपर त्याऐवजी चालत नाही, कारण सिलिकॉनच्या थरामुळे तो चिकटतच नाही. मेणकागदाचे मेण कापडात उतरते व डाग पडतो. छपाईच्या कागदाच्या काही रिमांच्या वेष्टनाला आतून प्लास्टिकचा थर असतो. चिंधीवर चिकटवून, थंड झाल्यावर सोलून पाहावे. डाग न राहता निघाला तर लहान साच्यांना तो पुरतो. फ्रीझर पेपर पातळ वाटल्यास दोन पदर एकमेकांवर इस्त्रीने चिकटवून ताठ साचा करता येतो. वापरलेले साचे घडी न घालता, क्रमांकाप्रमाणे वहीच्या पानांत सपाट ठेवावेत, कारण घडीच्या जागी थर तडकतो व पुढच्या वेळी कागद तेथून उचलला जातो.